स्टीमरच्या डेकवरची गाठ

सुरुवातीलाच सांगते – अंगात येणं, बाहेरची बाधा, दृष्ट, यातलं मी काही मानत नाही. चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत मी पॅकिंग सेक्शनची सुपरवायझर आहे. पट्टीत दहाऐवजी नऊ गोळ्या निघाल्या तर दहावी भुताने खाल्ली, असं मी आजवर कधी लिहून दिलेलं नाही. मशीन बंद करायचं, फीडर उघडायचा, गोळी सापडते. घरातही माझा हाच कायदा. पण एकदा फीडर तळापर्यंत उघडून पाहिला आणि काही सापडलं नाही... ते आज लिहिते आहे. लिहिण्याचं कारण शेवटी सांगेन.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आमचं घर मुकुंदवाडीला, स्टेशनाच्या अलीकडे. वाळूजला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते आणि माझे मिस्टर तिथे टूलरूममध्ये फिटर होते. सासर पिशोरचं, धनगराचं. माझं माहेर फुलंब्रीचं – आम्हीही धनगरच, पण वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळे मेंढरं मी जवळून पाहिली ती लग्नानंतरच. लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा शीतल झाली. या गोष्टीच्या वेळी ती पावणेदोन वर्षांची होती. पायाला भिंगरी. खाली ठेवली की गेलीच.

त्या वर्षी मला पहिल्यांदा एलटीसी, म्हणजे कंपनीची प्रवास-सवलत, मिळाली. सेक्शनमधली माझी मैत्रीण सुमन म्हणाली, "देवदेव करत फिरायचं नाही हं. मुंबईहून गोव्याला स्टीमर जाते, तिने जाऊ. समुद्र तरी बघू."

"एवढ्या लहान लेकराला घेऊन?"

"मग काय, ती मोठी होऊन नोकरीला लागल्यावर जाणार? सुपरवायझर, सही कर फॉर्मवर."

सुमनचा नवरा आला नाही. तो नामांतराच्या कामात होता. त्या दिवसांत आज मोर्चा, उद्या बंद, परवा जेलभरो असं चाललेलं असायचं. तेव्हा निघालो ते आम्ही तिघं आणि सुमन. दिवाळी होऊन महिना झाला होता.

स्टीमर सकाळी दहाला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटली. आमचं तिकीट डेकचं. डेक म्हणजे वर छत, बाजूला लोखंडी कठडा, आणि खाली ज्याला जिथे मिळेल तिथे सतरंजी. मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या बायका सराईतपणे ट्रंका लावून ऐसपैस बसलेल्या. कठड्याच्या गजांमध्ये एवढं अंतर की शीतल अंग न चोरता आरपार जावी. मी ते चढल्याबरोबर पाहिलं आणि दिवसभर तिचा हात सोडला नाही. सुमनने चेष्टाही केली, "बॅच नंबर टाकून सील कर तिला."

चारनंतर बोट डोलायला लागली आणि माझ्या पोटात ढवळायला लागलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जयगडच्या बाहेर स्टीमर थांबली. बंदरात धक्का नव्हता. किनाऱ्याहून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, यायच्या आणि उतारू त्यात उतरायचे. त्यासाठी कठड्यातलं एक दार उघडतात. खाली शिडी, त्याखाली पाणी. पडाव दिसला तसे सगळे लोक त्या बाजूला लोटले. मिस्टर चहा आणायला गेले होते.

आणि नेमकी तेव्हाच मला उलटी आली. मी दुसऱ्या बाजूच्या कठड्यावर वाकले. सुमनने मागून माझी पाठ धरली. शीतलचा हात माझ्या डाव्या हातात होता... होता, आणि मग मी त्याच हाताने कठडा धरला.

उलटी थांबायला दोन मिनिटं लागली असतील, तीन असतील. वळले तर शीतल नाही.

मी ओरडले नाही. ओरडण्यात वेळ जातो. सुमनला म्हटलं, "तू जिन्याकडे बघ," आणि मी गर्दीत घुसले, त्या दाराकडे. गुडघ्यांची आणि ट्रंकांची भिंत होती. कुणाच्या तरी हातावर मी पाय दिला, शिवी खाल्ली. दार सताड उघडं, लोक खाली उतरताहेत. मी शिडीखाली पाण्यात पाहिलं. ते पाहताना मनात काय आलं ते लिहीत नाही.

तेवढ्यात दारापाशी उभा असलेला खलाशी म्हणाला, "बाई, ये बच्ची आपकी है क्या? अच्छा किया बांध के रखा. नहीं तो गयी थी आज."

दारापासून दोन हातांवर छताला आधार देणारा लोखंडी खांब होता. त्या खांबाला शीतल बांधलेली होती. डाव्या पायाला, घोट्याच्या वर. दाराकडे तोंड करून ती पाय ओढत होती, आणि दोरी तिला पुढे जाऊ देत नव्हती. रडत नव्हती. मला पाहून हसली.

दोरी लोकरीची होती. एक पदर काळा, दोन करडे, हाताने वळलेले. तिला मेंढवाड्याचा वास होता – दूध आणि लेंड्या यांचा मिळून येतो तो. आणि गाठ माझ्या सासऱ्यांची, आबांची होती.

हे सांगायला हवं. आबा कोकरांना गळ्याला बांधत नसत, पायाला बांधत. गळ्याला बांधलं की एकमेकांत अडकून गुदमरतात, असं त्यांचं म्हणणं. एका लांब दाव्याला ओळीने फास लावलेले असत, त्याला दावण म्हणायचं. फासाची गाठ त्यांची स्वतःची होती. कोकराने कितीही ओढलं तरी ती आवळत नाही आणि सुटतही नाही. माणसाने एका टोकाला अंगठा लावला की मोकळी. ती कशी सोडायची ते मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आबांनी शिकवलं होतं. मारायला मात्र मला कधीच जमली नाही. आजही जमत नाही.

मी गाठीला हात न लावता नुसती शीतलला धरून बसले. शेजारी ट्रंकेवर बसलेल्या मालवणच्या बाईंना विचारलं, "हिला कुणी बांधलं? पाहिलंत का?"

"ता चेडू मघापासून थंयच आसा," त्या शीतलकडे बोट करून म्हणाल्या. "तुमीच बांधलास मां?"

मी उत्तर देणार तोच चहाचे ग्लास सांभाळत मिस्टर आले. त्यांनी उघडं दार पाहिलं, शीतलचा पाय पाहिला आणि खाली बसले. गाठीवरून बोट फिरवून म्हणाले, "आबांची गाठ की! कधी शिकलीस?"

आजूबाजूच्या बायका कौतुकाने बघत होत्या. खलाशी अजून मान डोलावत होता. एवढ्यात सुमन आली, तिनेही पाहिलं.

मी म्हटलं, "शिकले."

"आणि दोरी?"

"होती बॅगेत."

एवढंच. दोन वाक्यं. सुमनने माझ्याकडे पाहिलं. उलटी होत होती तेव्हा माझी पाठ तिनेच धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला उतरायच्या आधी मी सगळा डेक फिरले, वरचा आणि खालचा. प्रत्येक सतरंजीपाशी थांबून विचारलं, कुठले, काय करता. कोकणातले चाकरमानी, गोव्याचे लोक, दोन कॉलेजची मुलं, एक नन. देशावरचे म्हणून आम्हीच. लोकरीची दोरी वळणारा एकही माणूस त्या बोटीवर नव्हता. खलाशाला पुन्हा गाठलं. तो म्हणाला, दार उघडलं तेव्हा खांबापाशी कोणी नव्हतं. शिडी लावून वळला तर पोरगी बांधलेली.

गोव्यात सुमनशी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटली ना, त्या वर्षी मी माहेरी होते. आमची वस्ती जळत होती आणि आम्ही तीन लेकरं घेऊन ज्वारीत बसलो होतो. लेकरांनी रडू नये म्हणून तोंडं दाबून धरली होती. तिथं बाहेरून कुणाचा हात आला नाही गं. जे हात होते ते आमचेच."

मी शीतलला ओढून मांडीवर घेतलं.

"तुझी पोरगी वाचली, मला आनंद आहे," ती म्हणाली. "पण याचा देव करू नकोस. कळलं नाही, तर कळलं नाही म्हण."

परत येताना मनमाडला अडकलो. मराठवाड्यात बंद होता, पुढची गाडी सुटेना. एक अख्खा दिवस स्टेशनवर काढला. घरी पोचलो, मिस्टर ड्यूटीवर गेले आणि पहिल्या रविवारी मी शीतलला घेऊन एकटीच पिशोरला गेले. दोरी पर्समध्ये होती.

आबा तेव्हा पंचाहत्तरच्या आसपास असतील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नाही म्हणायचे. मेंढरं विकून विकून वीसेक राहिली होती. उजेड असो नसो, सगळं हातानेच चाचपून करायचे. मी गेले तेव्हा ते अंगणात चातीवर लोकर कातत बसले होते.

मी ठरवून गेले होते – आधी काही सांगायचं नाही. इन्स्पेक्शन करताना उत्तर आपण सुचवायचं नसतं. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, कोकरं किती आहेत आता?"

"बारा."

"दावण धड आहे ना?"

त्यांची चाती थांबली. "एक फास गेलाय. तुला कोण बोललं?"

"कुणी नाही. कधी गेला?"

"झाले की आठ-दहा रोज. बुधवार व्हता, बाजाराच्या आदला दिवस. सांजच्याला कोकरं बांधाय बसलो. बारा बांधली. तर पोरी, तेरावं हाताला लागलं."

आम्ही जयगडच्या बाहेर होतो तो वार बुधवार होता.

"तेरावं कुठलं, आबा?"

"मलाबी तेच वाटलं. कुणाचं तरी चुकून आलं असंल म्हणलं. मोकळं सुटलं व्हतं, हिरीच्या काठाकडं चाललं व्हतं. मला दिसतंय कुठं, पर पायाचा आवाज येतो ना. दुडूदुडू, लई घाईत. धरला पाय अन् टाकला फास. म्हणलं सकाळी ज्याचं त्याला देऊ." ते थोडे थांबले. "पाय मऊ व्हता. खूर लागला नाय. आजच जलमलंय म्हणलं, खूर धरला नसंल अजून. पर आज जलमलेलं एवढं पळतंय व्हय?"

"मग सकाळी?"

"सकाळी बाराच. अन् एक फास कमी. कापला नाय, तुटला नाय. तुझ्या सासूला म्हणलं तर ती म्हणते, म्हातारपणी मोजायला चुकतासा."

मी शीतलला उचललं आणि काही न बोलता तिचा डावा पाय त्यांच्या हातात दिला. आबांनी घोट्यावरून अंगठा फिरवला. मग टाचेवरून, मग बोटांवरून. दोनदा. शीतलला गुदगुल्या होऊन ती खिदळत होती. आबांचा चेहरा मात्र हलला नाही.

"ह्योच," ते म्हणाले.

मी पर्समधून दोरी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती चाचपली, वास घेतला, मान हलवली. मी सगळं सांगेन, समुद्र, बोट, उघडं दार, असं मनात जुळवत होते. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या दिशेने तोंड करून एवढंच म्हणाले –

"हिला सोडली व्हती कुणी?"

सासूबाई चुलीपाशी होत्या, ऐकू गेलं नसावं. मी म्हटलं, "मी."

"बरं," आबा म्हणाले. उठले, चाचपडत मेंढवाड्यात गेले आणि दोरी दावणीला परत लावून आले. मी ती मागून घेणार होते. पण मागायला तोंड नव्हतं. या विषयावर ते त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. तीन वर्षांनी वारले. मेंढरं गेली, दावणही कुठे गेली माहीत नाही. म्हणजे दाखवायला माझ्याकडे काही नाही.

खुलासे मी सगळे करून पाहिले आहेत. बोटीवर कुणी धनगर होता आणि माझ्या नजरेतून सुटला – शक्य आहे, पण तो आबांचीच गाठ मारेल? दोरी आमच्याच सामानात चुकून आली आणि मीच घाबरून बांधून विसरले – पण ती गाठ मला येत नाही. आबा मोजायला चुकले – मग फास कुठे गेला, आणि पाय कुणाचा लागला? एकही खुलासा शेवटपर्यंत टिकत नाही. सुमन रिटायर होऊन आता मुलाकडे असते. परवा फोनवर तिला विचारलं, तुला काय वाटतं आता? म्हणाली, "तेच. कळलं नाही."

राहिला माझा भाग. मिस्टरांनी ती गोष्ट इतकी वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात सांगितली आहे. आमच्या हिने प्रसंगावधान राखून पोरीला बांधून ठेवलं, अगदी आबांच्या गाठीने. एकदा तर चुलतदिराने दोरी आणून समोर ठेवली – वहिनी, दाखवा बरं कशी मारतात. मी मनगट दुखतंय म्हणून उठले. शीतल आता बारावीला आहे आणि तिलाही तेच माहीत आहे, की आईने बांधलं म्हणून ती वाचली. गेल्या महिन्यात कॉलेजच्या कुठल्याशा निबंधात तिने ते लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. ते ऐकल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही.

आमच्या घरी हा अंक येतो. मिस्टर वाचतात, शीतलही वाचते. तोंडाने सांगायला गेले तर मी अर्ध्यात थांबेन, म्हणून इथे लिहिते आहे. ती गाठ मी मारलेली नव्हती. कुणी मारली ते मला माहीत नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. मी हात सोडला होता, एवढं मात्र मला नक्की माहीत आहे.