कॅलेंडरवरचा वकील

"आडनाव नको, ताई. नुसतं नाव सांगा. आणि तो उजवा हात जरा मागे घ्या."

वकिलाच्या ऑफिसातली मॅडम हे म्हणाली. मी कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसले होते. मागे भिंतीवर प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा लावलेल्या. मी हात पाठीमागे घेतला. स्वतःच्या हाताची लाज वाटली मला. खोटं कशाला बोलू, वाटली.

तरी विचारलं, "आडनाव काहून नको?"

"अहो, आपली कम्युनिटी बघते ना व्हिडिओ. लोक उगाच काहीतरी अर्थ काढतात. यू नो."

माहीत होतं. माझ्या आडनावावरून माझी जात कळते. नागपुरात कळायची, शिकागोतही कळते. विमानतळावर बॅगा किलोनं मोजून घेतात, जात मात्र फुकटात पार होते.

मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या, म्हणजे इथल्या देशी बाजारातल्या, एका मिठाईच्या दुकानात मागच्या बाजूला काम करायची. तळणीवर. नवऱ्यापाठोपाठ इथं आले, नवरा वारला, मी आणि मुलगी राहिलो. एक दिवस डुगडुगत्या शेगडीवरची कढई कलली आणि तेल माझ्या उजव्या हातावर आलं. शेगडीचा पाय मोडलाय, हे मालकाला मी दोनदा सांगितलं होतं. जखम भरली, पण तीन बोटं आखडली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन केलं तर बोटं उघडतील. ते दुकानाच्या विम्यातून होणार होतं, पण त्यासाठी दावा भरायला हवा होता. ऑपरेशन नाही तर हात नाही. हात नाही तर तळणी नाही, पोळी नाही, स्वतःची वेणीसुद्धा नाही.

म्हणून वकील शोधला. शोधला कसला, दुकानाच्या भिंतीवर होताच. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात फुकट वाटलेलं कॅलेंडर. खाली तिथी, वार, चतुर्थी. वर जिथं देव असतो तिथं साहेबांचा फोटो, हाताची घडी घातलेला. "आपल्या भाषेत, आपला वकील. न्याय मिळणारच." सगळं मराठीत. फक्त तळाशी दोन ओळी इंग्रजीत, मुंगीएवढ्या.

त्या ओळी माझ्या मुलीनं वाचल्या. म्हणाली, "आई, इट सेज दे मे सेंड युवर केस टू सम अदर लॉयर. आस्क देम."

मी तिच्यावरच खेकसले. "आपला माणूस आहे तो. आपल्या माणसाला असं विचारतात?"

भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय मी भेंडी घेत नाही. साडीचा पदर बोटांत चोळून बघते. वकील मात्र फोटो बघून घेतला. त्यांचा एक व्हिडिओही फोनवर आला होता. त्यात एक बाई हसत हसत सांगत होती, साहेबांनी माझं भलं केलं. मराठीत सांगत होती. झालं, मी तिथंच विरघळले.

आठ महिने झाले. साहेबांचं तोंड एकदाही दिसलं नाही. फोन केला की मॅडम म्हणायची, "प्रोसेसमध्ये आहे, ताई." मग एक दिवस तिचाच फोन आला. चांगली साडी नेसून या. मला वाटलं, निकाल लागला. मुलीला म्हटलं, बघ, उगाच शंका घेत होतीस.

निकाल नव्हता. जाहिरात होती. मी म्हणायचं होतं, "साहेबांमुळे मला न्याय मिळाला." कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनच ठेवलं होतं.

तेवढ्यात साहेब आले. फोटोपेक्षा वयानं बरेच पुढे गेलेले. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, कॅमेऱ्याकडे बघून टाय नीट केला आणि मला विचारलं, "कुठला हात भाजला तुमचा?"

आठ महिने. कुठला हात.

मी विचारलं, "साहेब, माझा दावा भरला का?"

त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाली, "तो आपण दुसऱ्या फर्मला रेफर करणार होतो ना... बघून सांगते."

"म्हणजे भरला नाही."

"ताई, आता हे शूट करून घेऊ. पाच मिनिटांचं काम. आपल्याच माणसाला मदत करायला नको का?"

तेव्हा मला ती व्हिडिओतली बाई आठवली. तिनंही आडनाव सांगितलं नव्हतं. तिलाही कुणीतरी कागद धरून दाखवला असेल. तिच्या हसण्यावर मी भाळले होते, आता माझ्या हसण्यावर दुसरी कुणी भाळणार होती. मी उठले. शहरात राहून घासूनपुसून घेतलेली माझी भाषा गळून पडली, नागपूरकडची बोली बाहेर आली.

"माहं आडनाव चालत नाही. माहा हात चालत नाही. मंग मी आपली कायची?"

मी म्हटलं, माझी फाईल द्या. मॅडम म्हणाली, नंतर मेल करते. मी दारातच उभी राहिले, मिळेपर्यंत. फाईलमध्ये दोन कागद निघाले. एकावर माझी सही, दुसऱ्यावर माझा पत्ता.

दुसरी वकीलबाई मिळाली. मराठी नाही, कॅलेंडर नाही. तिला मी आधी विचारलं, माझं काम स्वतः कोण करणार? अशी कामं याआधी केलीत का? सगळं लिहून द्याल? तिनं दिलं. जिंकूच, असं मात्र ती म्हणाली नाही. दावा भरायची मुदत अजून आहे, पण मालकानं शेगडी कधीच बदलून टाकली. तेव्हाच कुणी फोटो काढला असता तर पुरावा होता. बोटं उघडतील की नाही, मला ठाऊक नाही.

झालेलं मी दोन-चार जणींना सांगितलं, तर मराठी मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. "अगं, चांगल्या माणसाचं नाव कशाला खराब करतेस? आपल्यातली गोष्ट आपल्यात ठेवावी."

मी म्हटलं, "काकू, मला तुम्ही आपल्यात कधी घेतलं होतं?" आणि फोन ठेवला.

वकिलांविरुद्ध तक्रार घेणारं राज्याचं एक ऑफिस आहे. फॉर्म इंग्रजीत आहे. मुलगी म्हणाली, मी लिहून देते. मी नको म्हटलं. उजव्या हातात पेन ठरत नाही, म्हणून डाव्यानं लिहिते. रोज दोन ओळी होतात. अक्षर वेडंवाकडं येतं, स्पेलिंग चुकतात. चुकू दे. काल साहेबांच्या 'कुठला हात भाजला?' या प्रश्नापर्यंत आले. आज त्याच्या पुढचं लिहिणार.