मुकुटबनला सोडलेला कुत्रा

बायकोला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी तिच्या हातात न देता माझ्या हातात दिली. म्हणाले, "गोळ्या तर घ्यायच्याच, पण चालणं चुकवायचं नाही. रोज पाऊण तास. त्या एकट्या जाणार नाहीत, तुम्ही सोबत जा."

मी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं विचारलं, "याल न तुमी?"

"येतो न. उद्यापासून जाऊ."

तो उद्या मी काही उगवू दिला नाही.

आर्णीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे आणि पुढं टिनाचं शेड. मुलगी नागपूरला असते, घरात आम्ही दोघंच. शेडमध्ये मी मोटर वायंडिंगचं काम करतो. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या जळालेल्या मोटारी येतात. जुनी तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारून वाळवायची. दिवसभर मान खाली असते. संध्याकाळी सहा वाजले की अवजारं बाजूला सारायची आणि एका ड्रमवर कॅरम मांडायचा, हा माझा एकच शौक. पलीकडच्या गाळ्यातला टू-व्हीलर मेकॅनिक यायचा, तो माझा वीस वर्षांचा दोस्त. अजून दोघं यायचे. पावडर टाकून बोर्ड गुळगुळीत केला की मला जगाचा विसर पडायचा. तिला चालायला जायची वेळही नेमकी तीच होती, कारण सकाळी नळ, स्वयंपाक आणि घरकाम.

पहिले आठ दिवस ती दारात उभी राहून विचारायची. मी स्ट्रायकरवरून बोट न उचलता म्हणायचो, "हा डाव होऊ दे." नवव्या दिवशी ती एकटीच गेली. लुगड्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली बाई आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली असावी. समोरच्या ओट्यावर बसलेल्या बाया हसल्या. ती अर्ध्या रस्त्यातून परत आली आणि बूट पलंगाखाली ढकलून म्हणाली, "मले नाई जमत एकटीले. लोक पायतात."

मी तेव्हाही उठलो नाही.

मग तो कुत्रा आला. कुठून आला ते ठाऊक नाही. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला, बरगड्या दिसणारा गावठी कुत्रा. तिनं रात्रीची शिळी पोळी टाकली आणि तो शेडच्या कोपऱ्यातच राहिला. एका संध्याकाळी तिनं पुन्हा बूट घातले, तसा तो उठून तिच्या मागं निघाला. अरुणावतीच्या पुलापर्यंत गेला आणि तिच्यासोबत परत आला. दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच तो बुटांजवळ जाऊन बसला. तिनं त्याला नाव ठेवलं नाही. बूट बांधून झाले की ती फक्त "चाल" म्हणायची, आणि तो शेपूट हलवत पुढं व्हायचा.

कुत्रा सोबत असला की बाया हसत नव्हत्या. निदान ती तसं सांगायची. हळूहळू ती पुलाच्याही पुढं, कापसाच्या शेतांपर्यंत जाऊ लागली. परत आली की चेहरा घामानं चमकायचा, आणि बोलत सुटायची. कोणाच्या तुरीला शेंगा धरल्या, पुलाखाली किती पाणी आहे, कुत्रा बगळ्यांच्या मागं कसा धावला. मी "हो का" म्हणत सोंगट्या लावायचो. चार महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून विचारलं, "काय केलं हो तुम्ही?" ती लाजून म्हणाली, "चालतो न आमी दोघं." डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी रिपोर्टची घडी करून खिशात घातली.

दीड वर्ष असं चाललं. आमच्या घरातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

भानगड झाली ती पावसाळ्याच्या शेवटी. तिला ताप आला होता, चालणं दोन दिवस बंद होतं. कुत्रा खोलीच्या दारात आडवा पडून होता आणि कोणालाच आत येऊ देत नव्हता. डाव चालू असताना मेकॅनिक पाणी प्यायला आत निघाला आणि कुत्र्यानं त्याच्या पोटरीला तोंड घातलं. पॅन्ट फाटली, दोन दात रुतले. मी त्याला गाडीवर बसवून इंजेक्शन द्यायला नेलं. तो बिचारा वाटेत मलाच समजावत होता.

"जाने दो भाऊ. मुकं जनावर हाय. भाभी बीमार हाय म्हनून रखवाली करून राह्यलं ते."

पण बाकीच्या दोघांनी यायचं सोडलं. एक म्हणाला, "कुत्रा हाय तोवर आपल्याच्यानं येनं होत नाई बावा." आठ-दहा दिवस शेडमध्ये मी एकटाच बसलो. एकट्यानं कॅरम खेळून पाहिला. माझा राग कोणावर होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तिच्या आजारावर असेल, तिच्या त्या रोजच्या आनंदावर असेल, ज्यात मी नव्हतो. काढला मात्र मी तो कुत्र्यावर.

मुकुटबनच्या एका गिरणीवाल्याची मोटर माझ्याकडे भरून तयार होती. ती न्यायला ओळखीचा पिकअप येणार होता. त्या दिवशी बायको भावाकडे दिग्रसला गेली होती. मी मोटारीसोबत कुत्र्यालाही चढवलं आणि मागं त्याच्याजवळ बसलो. तो सहज चढला, कारण मी "चाल" म्हणालो होतो. घाटंजी गेलं, पांढरकवडा गेलं, तो पूर्ण वाटेत माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून होता. मुकुटबनला गिरणीवाल्याला म्हणालो, "राखनीले चांगला हाय, ठेवून घ्या." त्यानं दोर बांधला. मी परत निघालो तेव्हा कुत्रा भुंकला नाही. मी पुन्हा येईन असंच त्याला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी ती आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "तो कुठी गेला?"

"काय मालूम. काल सकाळपासून दिसला नाई."

तापाचा अशक्तपणा अंगातून पुरता गेला नसतानाही ती शोधायला निघाली. बसस्थानक, बाजार, कसायांची गल्ली, पूल. रोज एक नवी दिशा. लोकांना विचारायची, "तांबडा कुत्रा पाह्यला का, कान फाटलेला?" एकदा मीही तिच्यासोबत गेलो. खोटं शोधायला. तिच्यासोबत चाललो तो माझा पहिला दिवस होता, आणि ती मला म्हणाली, "तुमी आले ते बरं केलं."

पाचव्या दिवशी गिरणीवाल्याचा फोन आला. मी वार्निश मारत होतो.

"भाऊ, तुमचा कुत्रा दोर तोडून गेला न. पोट्ट्यायनं पाह्यला, पांढरकवड्याच्या रस्त्यानं पळून राह्यलता."

आत भांडी घासायचा आवाज येत होता. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. तिथून आर्णी शंभरेक किलोमीटर. मधे ट्रक, मधे जंगल, प्रत्येक गावची कुत्री. पुढचे कित्येक दिवस मी रस्त्याकडं पाहत होतो. तो आला तर बरं होईल असं वाटायचं, आणि तो आला तर काय सांगायचं याची भीतीही वाटायची. तो आला नाही. कॅरमवाले मात्र परत आले.

तिनं चालणं सोडलं. मी एकदा म्हणालो, "चाल, मी येतो." तो शब्द ऐकून ती माझ्याकडं बघतच राहिली आणि म्हणाली, "नको. तुमचा डाव राहून जाईन." बूट तिनं गल्लीतल्या एका बाईला देऊन टाकले. ती बसून राहू लागली, भातावर भात खाऊ लागली, गोळी घेतली का विचारलं की "घेतली" म्हणायची. दीड वर्षानं उन्हाळ्यात तिच्या पायाला जखम झाली. चपलेतून वर आलेला बारीक खिळा तळव्यात घुसत होता आणि तिला दुखतच नव्हतं. पायात जाणीव उरली नव्हती. फरशीवर रक्ताचे ठसे मी पाहिले, तेव्हा दोन बोटं काळी पडायला आली होती. यवतमाळला नेलं. दोन्ही बोटं काढावी लागली.

दवाखान्यात दुपारी ड्रेसिंग करून नर्स गेली. बायको खिडकीकडं तोंड करून पडली होती. एकाएकी म्हणाली, "तो असता तर मी चालतच राह्यली असती. मेला असता तर कुठीतरी दिसला असता न? असा कसा जाईन तो?"

माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "मीच नेला त्याले. मुकुटबनले सोडला."

तिनं चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. मला वाटलं रडत असेल. पण वळली तेव्हा डोळे कोरडे होते.

"कायले?"

मी खरं ते सांगितलं. कॅरमचं सांगितलं. सांगताना मलाच ते कारण इतकं क्षुल्लक वाटत होतं की मी मधेच थांबलो. ती एवढंच म्हणाली, "पाय बरा झाला की मले तिथं घेऊन चला."

त्या वेळी गिरणीवाल्याच्या फोनचं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दोर तोडून गेला तरी फिरून तिथंच आला असेल, अशी माझी मी समजूत घातली. खरं म्हणजे तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी हललं होतं, ते मोडायची माझी छाती झाली नाही.

दोन महिन्यांनी आम्ही गेलो. बसनं, गाडी बदलत. तिनं एका फडक्यात दोन पोळ्या बांधून घेतल्या होत्या. पांढरकवड्याच्या स्टँडवर मला म्हणाली, "वळखन का मले?" मी म्हणालो, "वळखन न."

गिरणीवाला दळण सोडून बाहेर आला. खुर्ची दिली, पाणी दिलं. तिनं पाणी तोंडाला लावायच्या आधीच विचारलं, "कुत्रा कुठी हाय?"

तो गोंधळून माझ्याकडं पाहू लागला. "तो तर पाचव्या दिवशीच गेलता वहिनी, दोर तोडून. म्या फोन केलता न भाऊले. सांगितलं नाई का त्यायनं?"

ती माझ्याकडं वळली. रागानं नाही. पत्ता चुकावा आणि आपण अनोळखी माणसाच्या दारात उभे आहोत हे कळावं, तसं तिनं माझ्याकडं पाहिलं.

"कोनत्या बाजूनं गेला?" तिनं त्याला विचारलं.

त्यानं हात केला. आम्ही ज्या रस्त्यानं आलो होतो, तोच रस्ता.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बस कुठं थांबली आणि कुत्रं दिसलं की ती वाकून बघायची. काळं असो, पांढरं असो, बघायचीच. घाटंजीच्या अलीकडं अंधार पडू लागला तेव्हा तिनं फडकं सोडून त्या दोन्ही पोळ्या खिडकीतून टाकल्या. मी म्हणालो, "माफ कर मले." ती म्हणाली, "तो पळाला हे दोन टाइम सांगता आलं असतं तुमाले, फोन आला तवा न दवाखान्यात. एकबी टाइम सांगितलं नाई."

या गोष्टीला आता वर्ष झालं. कॅरमबोर्ड मी मेकॅनिकला देऊन टाकला. तो दुसरं पिल्लू आणून देतो म्हणाला होता, पण तिनं नको म्हटलं. डॉक्टरांनी खास चपला करून दिल्या आहेत, त्या घालून ती भिंतीला धरत घरातल्या घरात चालते. मी हात पुढं केला की भिंतीकडं अजून सरकते. शुगर वर-खाली होत असते. मी सहा वाजता दुकान बंद करून नुसता बसून राहतो.

मागच्या महिन्यात मुलगी नागपूरहून आली. ती तिथं नर्सिंग करते. दोन दिवस राहून तिच्या लक्षात आलं. जेवायच्या वेळी तिनं मला हळूच विचारलं, "बाबा, आई तुमच्याशी बोलत काहून नाही?"

मी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला. "बोलतो न आमी. जेवा म्हनतो, गोळी आना म्हनतो. भांडन नाई काही आमचं."

मुलीनं आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी उठून तिघांची ताटं मांडली.