काकींनी राहू दिलेला शब्द

काकींइतकं निर्दयपणे शब्द उडवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. शेतीचे प्रश्न विचारायची आमची एक मराठी साइट होती, कर्जतच्या आम्ही मित्रांनी हौसेनं काढलेली. प्रश्नाखाली टॅग लावला की त्या विषयाचे सगळे प्रश्न एकत्र सापडत. कुठला टॅग कामाचा, कुठला नाही, हे काकी ठरवत; आम्ही सगळेच त्यांना काकी म्हणायचो. कळंबला त्यांचं बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून त्याच ते चालवत. गिऱ्हाईक नसलं की चष्मा पुसून मोबाइल हातात घेत. ‘मदत’ उडाला, ‘तातडीचे’ उडाला, ‘शेतकरी’ही उडाला. “हितं सगळेच शेतकरी. त्या शब्दानं निवडायचं काय?”

मी मोठ्या अभिमानानं ‘भात-रोपवाटिका’ असा टॅग केला होता. काकी हसल्या. “आरं, आमी राब म्हणतो. रोपं पिवळी पडली तर बाई तुझा हा शब्द लिहील व्हय?” मग स्वतःच म्हणाल्या, “घाटावरचा माणूस मात्र लिहील. दोन्ही जोडून ठेव.”

टॅग प्रश्नाचा असावा, विचारणाऱ्याचा नव्हे, हा त्यांचाच नियम. एकदा खालापूरकडच्या एका बाईंनी लिहिलं : नवरा वारला, नांगरणीला ट्रॅक्टरवाला सगळ्यांची शेतं उरकून माझ्याकडे येतो, काय करू? खाली टॅग एकच, ‘एकटी’. मी तो काढून ‘नांगरणी’ लावला. संध्याकाळी काकींचा फोन आला.

“त्यो शब्द परत लाव.”

“काकी, नियम तुमचाच आहे.”

“हाय. पण ह्या बाईची अडचण नांगराची नाय रं. मी दुकानात बसायला लागले तेव्हा माल देणारे विचारायचे, घरात पुरुष कोण हाय? तेव्हा असलं काही असतं, तर मी हाच शब्द लिहून शोधलं असतं.”

बाकीचे कुरकुरले. साइट भावनेवर चालत नाही, असंही एक जण म्हणाला. “भातकापणीपर्यंत ठेवा,” काकी म्हणाल्या. “कुणी नाय वापरला, तर मीच काढीन.”

कापणीच्या आत तो टॅग भरून गेला. फवारणीचा पंप पाठीवर कोण चढवून देणार? सातबाऱ्यावर नाव लावायला दिराची सही लागते का? बायकाच बायकांना उत्तरं देऊ लागल्या. पुढच्या हंगामात खालापूरच्या त्या बाईंनी आसपासच्या दोघींना धरून एकत्र ट्रॅक्टर ठरवला. तिघींचं काम एकदम मिळतंय म्हटल्यावर ट्रॅक्टरवाला वेळेवर आला. मी काकींना धावत जाऊन सांगितलं. “बरं झालं,” एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात अल्पशा आजारानं काकी गेल्या. मी घरी भेटायला गेलो, तर साइटवर बातमी वाचून आलेल्या तीन बायका ओटीवर अवघडून बसलेल्या. एक खालापूरची, एक मोहोपाड्याची, एक नेरळकडची. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. मोहोपाड्याच्या बाईंनी हळूच विचारलं, “तुमी त्या ट्रॅक्टरवाल्या का गं?”

“व्हय. आणि तुमी?”

“मी पंपवाली.”

तिसरी डोळे पुसत म्हणाली, “सातबाऱ्याचं मी विचारलेलं.”

काकींच्या मुलीनं त्यांना आत नेलं, जेवायला बसवलं. निघताना तिघी स्टेशनला जायला एकाच रिक्षात बसल्या. रिक्षा वळली तरी त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.