पेशंटचं नाव मोठ्यानं वाचा

सोलापुरात आजारी पडायचंच असेल तर माणसानं आमच्या मावशींच्या हद्दीत पडावं, आणि धडधाकट असेल तर त्यांच्यापासून चार हात लांब राहावं. मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. आम्ही दोघी एकाच खाजगी दवाखान्यात कामाला. त्या वीस वर्षांच्या जुन्या आया, मी काउंटरवर केसपेपर काढणारी. लोक भेटल्यावर 'कसं काय' विचारतात, मावशी 'पोट साफ झालं का' विचारतात. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हे माझ्या सासऱ्यांना भर पंगतीत विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत पानात जिलेबी पडू दिली नाही. चुरगळलेली चादर तर त्यांना बघवतच नाही. भाचीच्या लग्नात वराकडचे पाहुणे दुपारी कार्यालयात आडवे झाले होते, तर ह्यांनी एकेकाला कुशीवर वळवून खालची चादर ताणून दिली. "उटू नका, झोपा की," असं वर म्हणत होत्या. पाहुण्यांनी त्याचा मानापमान केला नाही, कारण त्यातल्या एकालाही जाग आली नव्हती. सिटी बसमध्ये एकदा कंडक्टर 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून अंगावर ओरडत आला, तेव्हा मावशींनी त्याचं मनगट धरून नाडी मोजली. "लई पळतीया. बस जरा हितं." आणि तो बसला. हे मी स्वतः बघितलंय.

तर अशा बाईला गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, की यापुढं सर्टिफिकेट असल्याशिवाय पेशंटला हात लावता येणार नाही. नसेल तर फक्त फरशी. मावशींनी दोन दिवस कुणाच्या पोटाची चौकशी केली नाही. फरशी पुसायची त्यांना लाज कधीच नव्हती. पण वीस वर्षं ज्यांना कुशीवर वळवलं, भरवलं, धुतलं, त्यांच्या खाटेखालून नुसता पोछा फिरवून निघून यायचं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. मलाही काउंटरचा वीट आला होता. आम्ही दोघींनी नर्सिंग असिस्टंटच्या सहा महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं.

तुमच्यापैकी कुणी त्या परीक्षेला बसणार असेल तर सांगते. आधारकार्ड आणि हॉलतिकीट दोन्ही न्या, नखं कापून जा, सेकंदकाट्याचं घड्याळ मागून आणा. लेखी पेपर कॉम्प्युटरवर असतो. एका प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक बरोबर. मावशींचं बिनसायचं ते इथंच. 'ताप आलेल्या पेशंटसाठी आधी काय कराल?' याची चारही उत्तरं त्यांना पटली नाहीत. "आदी घरच्यांना खाटंवरनं उटवायचं. त्याला वारा तरी लागू दे. हे कुटं लिवलंय ह्यात?" परीक्षेत आपलं शहाणपण घरी ठेवायचं आणि पुस्तकातलं निवडायचं, हे त्यांच्या गळी उतरवायला मला तीन आठवडे लागले. पण लेखी त्यांनी निभावली.

मग प्रॅक्टिकल. खाटेवर रबराची डमी असते आणि शेजारी वही घेऊन परीक्षक. हात धुवायचे, पडदा ओढायचा, आणि पेशंटला काहीही करण्याआधी त्याच्या मनगटावरच्या पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं. ते राहिलं तर पुढचं सगळं फुकट, असं आम्हाला शंभरदा बजावलेलं. माझा नंबर मावशींच्या पाठोपाठ होता, म्हणून मी दारातच उभी होते. मावशींनी हात असे धुतले की परीक्षक बाई लिहायचं थांबून बघत राहिल्या. पडदा ओढला. पट्टी हातात घेतली, आणि दगड झाल्या. पट्टीवर लिहिलं होतं, सिद्राम, वय साठ. आमच्याकडं गल्लीत दोन तरी सिद्राम निघतात, आणि त्यातले एक मावशींचे मालक.

"नाव वाचा," परीक्षक बाई म्हणाल्या.

"वाचलं की."

"मोठ्यानं."

"ह्यांचं नाव हाय, बाई."

"कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं. असं कसं घ्यायचं?"

परीक्षक बाई बाहेरगावच्या, पण लग्न झालेल्या होत्या. त्यांना कळायला वेळ लागला नाही. तरी नियम तो नियम. "नाव नाही, तर मार्क नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. मावशींच्या कपाळावर घाम दिसायला लागला. सहा महिने रोज जाऊन-येऊन केलेली मेहनत एका नवऱ्यापाशी अडली होती. मग मावशींनी डोक्यावरून पदर घेतला, मान खाली घातली, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"थर्मामीटर लावते डाव्या काखेला,
सिद्रामरावांचं नाव घेते परीक्षेच्या वेळेला."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. "थर्मामीटर नंतर. आधी नाडी." पण वहीत त्यांनी बरोबरची खूण केलेली मी दारातून बघितली.

मावशी पास झाल्या, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला कशाला? मीही झाले, पण त्याचं कुणाला कौतुक नाही.

बाहेर आलो तर हॉलच्या खिडकीखाली, पायरीवर, मावशींचे मालक डबा मांडीवर घेऊन बसलेले. त्यांना बघून मावशींनी माझा दंड धरला.

"अगं, खिडकी उगडीच हुती की. ह्यांनी ऐकलं असंल?"

"मावशी, त्यांच्या शेजारी फटाका वाजला तरी त्यांना कळत नाही."

ते खरंच होतं. पस्तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेलेत, हे सगळ्या भवानी पेठेला ठाऊक आहे.

"व्हय की," मावशी म्हणाल्या, आणि सुटल्यासारख्या हसल्या. चार पावलं टाकली आणि थांबल्या.

"लग्नात घेतलं हुतं बग नाव. तवा ऐकू यायचं त्यांना. लई खूश झालते."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, मावशी, आता घ्या की, इथं कोण आहे? त्या मालकांपाशी गेल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या, तशाच थोडा वेळ वाकून राहिल्या, आणि मग ओरडून विचारलं, "भाकरी खाल्ली का?"

त्यांना ते दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं.