एन्कार्नाबाईंना दिलेला होकार

कोल्हापूर सोडताना माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा कांदा-लसूण चटणीचंच वजन जास्त होतं. सासूबाईंनी बरण्या भरून दिल्या होत्या. आम्ही त्यांना अव्वा (आई) म्हणतो. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडी चालतं. स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसले तेव्हा माझे यजमान शिवानंद खिडकीखाली उभे होते. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "पावणं, ताई कुठं निघाल्या?"

"स्पेनला," शिवानंद जरा मोठ्यानंच म्हणाले.

"मंजी पुण्याच्या पुढं व्हय?"

"लई पुढं."

गाडीतली माणसं वळून बघायला लागली आणि मी पदर सावरत बाहेर बघत बसले. मला आधीपासूनच धास्ती होती.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी निर्यातीचं काम बघते. आमचे बिडाचे सुटे भाग स्पेनला जातात. ईमेलवर माझी स्पॅनिश झकास, कारण हाताशी शब्दकोश असतो. फोनवर मात्र पलीकडचा माणूस भरभर सुटला की मी "सी, सी" (हो, हो) म्हणत राहायची आणि फोन ठेवल्यावर "आपलं बोलणं कृपया लेखी कळवा" असा मेल टाकायची. आमच्या साहेबांना वाटलं, पाया पक्का आहे, नुसती धार लावायची बाकी आहे. "म्हैनाभर तिथं जाऊन ऱ्हावा, त्या लोकांत मिसळा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी गिऱ्हाईक हितं येणार हाय. तवा दुभाष्या नको आपल्याला."

माद्रिदहून गाडी निघाली, डोंगराच्या पोटातून लांबलचक बोगदा पार करून वर आली, आणि समोर आपल्या जतच्या माळासारखं रान पसरलं. गहू निघालेली तपकिरी शेतं, एखादंच झाड, वर नुसतं आभाळ. गावाचं नाव मी घरी सगळ्यांना 'वल्लाडोलिड' असं सांगून आले होते. स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यानं मला ते दोनदा म्हणायला लावलं आणि मग स्वतःच म्हणाला, "आ, बायादोलिद!"

जिथं मी स्पॅनिश शिकणार होते त्या शाळेनं माझी सोय एन्कार्ना नावाच्या विधवा बाईंकडे केली होती. सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, ओठांना कायम लाली लावलेल्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं छोटं घर. त्यांनी माझं नाव कागदावरून वाचलं. स्पॅनिशमध्ये 'ज'चा 'ख' होतो, त्यामुळे राजश्रीची 'राखास्री' झाले. नावात राख आली म्हणून मी हसले आणि त्याही हसल्या. त्या मला बघताना मान तिरकी करून, अगदी जवळ येऊन बघायच्या. मला वाटलं, इथली तशी पद्धत असेल.

आम्ही शाकाहारी. त्या मुलखात सगळा जोर कोकरावर आणि डुकरावर. पहिल्या दिवशी एका खानावळीत 'भाज्यांचं सूप' मागवलं तर त्यात मांसाचे बारके तुकडे तरंगत होते. वाढप्याला दाखवलं तर तो म्हणाला, "हे मांस नाही, चवीपुरतं आहे." एन्कार्नाबाईंनी मात्र माझ्यासाठी वेगळं पातेलं काढलं. त्या मसुराची आमटी करायच्या, लसूण आणि लाल मिरचीची पूड घालून शिळ्या पावाचं सार करायच्या. मी त्यावर चटणी भुरभुरली. त्यांनीही चाखली, डोळ्यांत पाणी आणलं, खोकल्या आणि पुन्हा ताट पुढे केलं.

रात्रीच्या जेवणाला त्या बोलत. तासभर बोलत. टीव्ही चालू असे, शब्द एकमेकांवर चढत. मला मधूनच 'नवरा', 'युद्ध', 'पाऊस', 'अंगठी' एवढे सुटे शब्द सापडायचे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायची, कधी चुकचुकायची आणि "सी, क्लारो" (हो, अर्थातच) म्हणायची. त्या खूश दिसत. शेजारचे निवृत्त बसचालक खुलियान एकदा जिन्यात म्हणाले, "एन्कार्ना सांगते, तुला सगळं समजतं." मी त्यालाही "सी" म्हटलं.

एका बुधवारी वर्गात बाईंनी आम्हाला 'ओखो' हा शब्द शिकवला. ओखो म्हणजे डोळा, पण कुणाला सावध करायचं असेल तर "ओखो!" म्हणजे "जपून!". दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शाळेची सेगोव्हियाला सहल होती. आदल्या रात्री, म्हणजे त्या बुधवारीच, एन्कार्नाबाईंनी जेवताना माझा हात हातात घेतला आणि बरंच काही सांगितलं. त्यात 'गुरुवार' होता, 'सकाळ' होती आणि पुन्हा पुन्हा 'ओखो' होता. म्हणजे सहलीला जपून जा, खिसेकापू असतात, असं त्या सांगतायत हे मी ठरवून टाकलं. "सी, सी, क्लारो," मी म्हणाले. त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. एवढ्या काळजीची मला गंमत वाटली.

सेगोव्हियात रोमन लोकांनी बांधलेला पाण्याचा पाट आहे. गावाच्या डोक्यावरून दगडी कमानींवर कमानी गेलेल्या. चुना नाही, काही नाही, दगडावर दगड बसवलेला. मी त्याखाली उभी राहून फोटो काढून घेत होते तेव्हा फोन वाजला. एन्कार्नाबाई. फोनवरची स्पॅनिश मला सगळ्यात अवघड जाते. काय बोलणार, कसं समजणार, म्हणून मी आवाज बंद केला आणि फोन पर्समध्ये टाकला. नंतर पाहिलं तर त्यांनी आणखी कितीतरी वेळा केला होता. संध्याकाळी भेटणारच आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी जिन्यातच खुलियान उभे होते.

"कुठे होतीस?"

"सेगोव्हिया."

मग ते सावकाश, एकेक शब्द तोडून बोलले. एन्कार्नाच्या डोळ्याचं आज ऑपरेशन होतं. घरी न्यायला सोबत माणूस नसेल तर दवाखान्यात करत नाहीत. वर्गातून थेट दवाखान्याच्या दारात येईन, असं तू कबूल केलं होतंस. ती दुपारपर्यंत दारात उभी होती. मग तिला परत पाठवलं. आता नवी तारीख.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला समोरच्याचं प्रत्येक वाक्य कळलं.

एन्कार्नाबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. अंगात निळा चांगला कोट तसाच, कानांत मोत्यांची कुडी. बिल्बाओतल्या मुलीला त्यांनी रजा काढू दिली नव्हती; "घरात मुलगी आहे माझ्याजवळ," असं सांगितलं होतं. आता तिचाही रागाचा फोन येऊन गेला होता.

"तू हो म्हणालीस," त्या म्हणाल्या.

"मला कळलं नव्हतं."

"चार वेळा हो म्हणालीस."

"मला कळलंच नव्हतं," मी पुन्हा म्हणाले आणि रडायला लागले. रडण्याचीही लाज वाटली, कारण दुपारपर्यंत उभ्या त्या राहिल्या होत्या.

त्यांनी मान तिरकी केली. "आणि मी बाकीचं सांगत होते ते? माझ्या लग्नाचं? तो गेला त्या रात्रीचं?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी कानांतली कुडी काढून टेबलावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?"



त्यानंतर त्या माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागल्या. "सार. गरम." "दार. बंद." रागानं नव्हे, सोपं करून. तेच जास्त लागायचं. टीव्ही त्यांनी स्वतःहून बंद ठेवला, पण बोलणंही बंद झालं. नवी तारीख मी परतल्यानंतरची होती. तिकीट पुढे ढकलू का, असं साहेबांना विचारलं; त्यांनी नाही म्हटलं आणि मीही नेट लावला नाही. एके दिवशी धीर करून मी म्हणाले, "तुमच्या यजमानांचं पुन्हा सांगाल? हळू?"

त्या म्हणाल्या, "चांगला होता. वारला." आणि ताटं उचलली.

निघताना त्यांनी मला खाली टॅक्सीपर्यंत सोडलं, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत. मी चटणीची उरलेली बरणी दिली. त्यांनी ती छातीशी धरली, पण मुके घेतले नाहीत.

कोल्हापुरात उतरले तर गल्लीच्या तोंडाला माझ्या फोटोचा फ्लेक्स. 'स्पॅनिश भाषेत प्रावीण्य मिळवून परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' तरुण मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कुणीतरी ओरडलं, "वैनी, बोलून दावा की जरा!" मी दोन वाक्यं बोलले. टाळ्या पडल्या. नारळ हातात जड झाला होता. प्रवासात मी काय पाहिलं हे लोक विचारत होते आणि मी कमानींचं वर्णन करत होते. मला तर दवाखान्याच्या दारातला निळा कोट दिसत होता, जो तिथं मी पाहिलाही नव्हता.

काही आठवड्यांनी, दुपारी सगळे घरात असताना व्हिडिओ कॉल आला. एन्कार्नाबाईंची मुलगी बिल्बाओहून आली होती, ऑपरेशन पार पडलं होतं. एन्कार्नाबाईंनी फोन हातात घेतला. मान सरळ होती. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि भरभर काहीतरी म्हणाल्या. अव्वा, शिवानंद, चुलतसासू, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "सी" ओठांवर आलंच होतं.

"नो एन्तियेन्दो," (मला समजलं नाही) मी म्हणाले. "पुन्हा सांगा."

शिवानंदांचा चेहरा पडला. पलीकडे त्या थांबल्या आणि सावकाश बोलल्या. मी ऐकलं. मग घरातल्यांकडे वळले.

"काय म्हणाली गं?" अव्वांनी विचारलं.

"म्हणतात, तुझं तोंड इतकं भ्यालेलं असतं हे मला आधी दिसलंच नव्हतं. दिसलं असतं तर एकदा तरी उलटून विचारलं असतं, खरंच कळलं का म्हणून."

शिवानंद हसणार होते. अव्वांनी हात वर करून त्यांना थांबवलं. हातातलं शेंगा पाखडायचं सूप खाली ठेवून त्या माझ्याजवळ आल्या आणि माझा चेहरा बघायला लागल्या, जवळून.

"खरं हाय तिचं," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आलीस तवापासनं तसंच हाय. मी बी कधी इचारलं न्हाय."