कुस्तीची गर्दी आणि उडणारा माणूस

माझा धाकटा भाऊ त्र्यंबक बी.कॉम. झाला. झाला म्हंजे मी केला. मी अंबादास, सातवी पास. बावीस वरसं एकाच थेटरच्या दारावर तिकिटं फाडली आणि त्यातनं त्येची फी भरली. मालकांच्या पाया पडून त्येला त्याच थेटरात मॅनेजर म्हणून मीच चिकटवला. पयल्या म्हयन्यातच साहेब मला डोअरकीपर म्हणाय लागला. घरात दादा, थेटरात डोअरकीपर.

कोल्हापुरात पिच्चर चालणार का पडणार, हे मी पयल्या ऐतवारी सांगतो. आजवर चुकलो न्हाय. मालक बी दुसरा आठवडा धरायच्या आधी, "अंबादास काय म्हणतोय?" असं इचारत्यात. माझी इद्या सोपी हाय. पिच्चर आवडलेला माणूस भाईर पडत न्हाय, दारातच थांबून लायनीतल्या परक्या माणसाला निम्मी गोष्ट सांगतोय. त्येला ढकलावा लागतोय.

एक्याऐंशी साली त्र्यंबकनं मुखवट्यातल्या उडणाऱ्या माणसाचा पिच्चर आणला. गडी एका हातानं रेल्वे थांबवतोय आणि घाम म्हणून येत न्हाय. त्र्यंबकचे आधीचे तीन पिच्चर पडलेले. मालकांनी बजावलं हुतं, ह्यो पडला तर खुर्ची सोडायची.

शुक्रवारी भरला. शुक्रवारी कायबी भरतंय. शनिवारी निम्मा. ऐतवारी मात्र तीनला आणि सहाला हाउसफुल्ल. त्र्यंबकनं बोर्ड स्वतः टांगला आणि त्येच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

तिथंच त्येला गाठला. म्हणलं, "फुगू नगोस. आज खासबागेतली कुस्ती रद्द झाली. पैलवानाचा गुडघा गेला. हुपरीपासनं शाहूवाडीपातूर माणसं आलती, ती एस्टीच्या टायमापातूर जाणार कुठं? हितं येऊन बसली."

"तिकिटावर कुस्ती लिवलंय व्हय?"

"इंटरवलला टपरीवर सगळी गुडघ्याचंच बोलत हुती. सुटल्यावर एकजण बी दारात थांबला न्हाय, सरळ स्टँड. बायकांची खिडकी तर मोकळी. सोड ह्यो पिच्चर. तमाशाचा मराठी पिच्चर मिळतोय, त्यो धर."

"दादा, तू तिकिटं फाड. आकडं मी बघतो."

सोमवारी सकाळी त्येनं मालकांना फोन केला. दुसरा आठवडा ठरला. मराठी पिच्चर समोरच्या थेटरनं उचलला.

सोमवारी तीनला आत एकतीस माणसं. त्यातली दोन झोपलेली. मंगळवारी एकोणीस.

मंगळवारी सहाच्या शोआधी मालक आले. समोरच्या थेटरात तमाशाच्या पिच्चरच्या ॲडव्हान्स बुकिंगची लायन आमच्या दारापातूर आलती, त्यातनंच वाट काढत आले. सगळा ष्टाफ उभा. मालक सरळ माझ्याकडं.

"अंबादास, बावीस वरसांत पयल्यांदा चुकलास की रं."

"मी?"

"तूच ठेव म्हणालास म्हणं. म्हणून तर मी व्हय म्हणलो."

मी त्र्यंबककडं बघितलं. त्येचं तोंड उतरलेलं. जवळ येऊन कानात म्हणाला, "दादा, आज सांभाळून घे. तुला दारावरनं कोण काढतंय? श्यामलाला सातवा चाललाय."

घरात भावजय सात म्हयन्याची पोटुशी हाय, हे मला ठावं हुतं. डॉक्टरकडं बी मीच न्हेलती.

म्हणलं, "मालक, मी ऐतवारीच सोड म्हणलतो. कुस्तीची गर्दी हुती. बुकिंगवाल्या मीरासाबला इचारा, त्यो तिथंच हुता."

मीरासाबनं मान खाली घातली आणि म्हणाला, "व्हय मालक."

त्र्यंबक आता बिद्रीला कारखान्यावर क्लार्क हाय. श्यामला मला वाढत न्हाय. लेकीच्या बारशाला मला बोलावलं न्हाय, मी बी गेलो न्हाय. गल्लीतली माणसं म्हणत्यात, भावासाठी एक डाव चुकलो म्हणला असतास तर काय बिघडलं असतं? फी दिली, नोकरी दिली, लगीन लावून दिलं. पण अंबादासचा अंदाज चुकला, हे त्येच्यासाठी मी म्हणणार न्हाय. त्येला लाज असती तर त्येनं माझं नाव घेतलंच नसतं.