काकूंनी आणलेली आमरी

माझी आत्या गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची आणि घरात कुणाचं म्हणून ऐकायची नाही. चौपाटीमागच्या टेकडीच्या उतारावर, कातळात साठलेल्या वीतभर मातीत, पावसाळ्यात पांढरी आमरी, म्हणजे जमिनीत कंद धरणारं ऑर्किड, फुलायची. मुंबईत ती दुसरीकडे कुठेच उरली नाही, असं आत्या म्हणायची. वर बंगले उठत होते, सुरुंग लावून कातळ फोडत होते. आमरीची जागा दरसाल आक्रसत होती.

आत्याने जागेच्या मालकाला गाठलं, कचेऱ्यांत खेटे घातले. सगळीकडे हसण्यावारी नेलं. माझे वडीलही चिडले. इथे मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून माणसं गोळ्या खातायत आणि तू गवत कसलं धरून बसलीस, म्हणाले.

"मुंबई पाहिजे म्हणतोस ना?" आत्या म्हणाली. "मग ही आमरी कुठली आहे?"

मला तिचं तेव्हाही पटलं होतं, अजूनही पटतं.

त्या वर्षी एकच रोप उरलं. ते बी धरेल, एवढ्याच आशेवर आत्या होती. शेजारच्या काकूंचे यजमान सत्याग्रहात पकडले गेले होते. भेटीच्या दिवशी काकूंना तुरुंगापर्यंत आत्याच सोबत करायची. एकदा कौतुकाने तिने त्यांना ती आमरी दाखवली. एकच उरलीय, हे मात्र सांगितलं नाही. बोललं की दृष्ट लागते, असं शास्त्र शिकवणाऱ्या या बाईला वाटायचं!

हरतालिकेला काकू पत्री आणायला टेकडीवर गेल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आमरी घेऊन आल्या, कंदासकट. सुरुंगात गेली असती, आता तुमच्या गॅलरीत राहील, म्हणाल्या. नखं मातीने भरली होती.

मी ओरडणारच होते. आत्याने माझा हात दाबला आणि रोप डालड्याच्या डब्यात लावलं. त्या कातळावरच्या मातीतून एकदा उपटलं की ते परत कुठेच रुजत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थोड्याच दिवसांत दांडा काळा पडला.

काकू रोज डब्यात डोकावायच्या. कंद झोपलाय, पुढच्या पावसात उठेल, असं आत्या सांगायची. मला तिचा संताप यायचा. पुढे काकूंचे यजमान सुटून आले, पावसाळाही आला. डब्यात काहीच उगवलं नाही.

"ताई, माझ्या हाताला यशच नाही," काकू ओशाळून म्हणाल्या. "थांबा, वरून दुसरं आणते."

त्या खरंच चपला घालू लागल्या. आत्याने त्यांना दारातच अडवलं.

"वहिनी, दुसरं नाही. तेच शेवटचं होतं."

काकू उंबऱ्यापाशीच मटकन बसल्या. आत्याही त्यांच्या शेजारी बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा रडली.